भात मुरल्यावर वाजणारी घंटी

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. भिलाईहून जामुलच्या पुढे गेलं की एका तलावाकाठी सुट्टीत राहायला येणाऱ्यांसाठी तंबूंचं एक ठिकाण आहे. तिथल्या भोजनगृहासमोर मोहाचं झाड आहे आणि त्याच्या फांदीला मी टांगलेला आहे. लोक मला घंटी म्हणतात. घंटीसारखा माझा आकार नाही, पितळेची चकाकीही नाही. तरी एकेकाळी माझा आवाज ऐकून माणसं पाण्यातून, पत्त्यांच्या डावातून, भरझोपेतून उठून धावत येत. माझ्या आवाजाला वरणभाताचा वास आहे, असं एक बाई म्हणायची. मी ते अजून विसरलो नाही. कौतुक कोण विसरतं?

माझा जन्म भिलाईच्या पोलाद कारखान्यात झाला. लाल तापलेल्या लोखंडातून लांबच लांब रूळ ओढले जातात, त्यातल्याच एकाचा मी शेवटचा भाग. रूळ मापात यावा म्हणून टोक कापतात. माझे भाऊबंद मालगाडीवर चढून देशभर गेले, एकमेकांना जोडून घेऊन उन्हापावसात पडून राहिले. त्यांच्या अंगावरून रोज गाड्या जातात. मी मात्र हातभर उरलो आणि भंगाराच्या ढिगात पडलो. पुढे जवळच्याच रसमडा गावातल्या एका वर्कशॉपमध्ये कोणीतरी माझ्या डोक्याला भोक पाडलं, त्यात साखळी ओवली आणि मला या झाडाखाली आणलं. एकटं राहायची सवय मला जन्मापासूनच आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण सवय झाली म्हणून एकटेपण गोड लागत नाही.

माझ्याबरोबर एक जाडजूड बोल्ट आला. त्यानं मला ठोकायचं. तो बोल्ट हातात धरणारी पहिली बाई म्हणजे कलावती.

कलावती मूळची वर्धेकडची, नवरा कारखान्यात. तिच्या हाताखाली दोन बाया होत्या, पण भाताच्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ, ती कोणाला फिरकू देत नसे. तिचा एक नियम होता. भात शिजला म्हणून घंटी वाजवायची नाही. चुलीवरून उतरवून, झाकण ठेवून तो नीट मुरू द्यायचा, पानं मांडायची, पाणी ठेवायचं, आणि मग हात पुसून बाहेर यायचं. त्यामुळे मी वाजलो की माणसानं यावं, बसावं आणि जेवायला लागावं. मध्ये थांबणं नाही.

एकदा शहरातून मोठे पाहुणे आले होते. जागेचे मालक घाई करू लागले. "बाई, वाजवून टाका ना घंटी. येईपर्यंत होईल भात."

कलावतीनं पदर खोचला. "साहेब, भात अजून मुरून राहिला. भुकेल्या माणसाले एकडाव हाक मारली का त्याले पानापाशी बसवून ठेवू नाई. मी नाई वाजवत."

मालक तोंडात मारल्यासारखे परत गेले. मला तर फांदीला टांगल्या टांगल्या ऐट आली. माझ्या शब्दाला किंमत होती, मित्रांनो. माझ्यासारख्या भंगारातल्या तुकड्याला आणखी काय हवं असतं?

त्या दिवसांत कारखान्यातले मारोतराव सहकाऱ्यांना घेऊन यायचे. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर कामाला लागायचं, भोंग्यावर घरी यायचं, अशी साऱ्या जन्माची सवय. त्यांना साखरेचा आजार होता आणि जेवणाआधी सुई टोचून औषध घ्यावं लागे. औषध घेतलं की लगेच पोटात अन्न जायला हवं, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरते आणि माणूस बसल्या जागी गळून पडतो. घरी ते घड्याळ बघत, इथे मात्र माझ्याकडे कान लावत. एकदा ते माझ्याखालच्या बाकावर बसून कलावतीला म्हणाले, "बाई, हे वाजली का मी सुई घेतो. डाक्टरपेक्षा तुमच्या घंटीवर भरवसा आहे आपला."

कलावती हसली आणि त्या दिवशी तिनं मला नेहमीपेक्षा जोरात ठोकलं.

मग कलावतीचे गुडघे गेले. ती वैशाली नगरला मुलीकडे राहायला गेली. जाताना तिनं माझ्यावरून हात फिरवला. तिचा हात गरम होता आणि त्याला फोडणीचा वास येत होता. त्यानंतर तशा हातानं मला कोणी शिवलं नाही.

भोजनगृह ठेक्यानं दिलं गेलं. एक ठेकेदार गेला, दुसरा आला. कधी चहा मिळे आणि दूध संपलेलं असे. कधी भाजी असे तर पोळ्या करणारी आलेली नसे. कधी दाराला कुलूप आणि आत उंदरांची मेजवानी. फाटकावरच्या पाटीवर मात्र 'भोजनाची उत्तम सोय' ही अक्षरं दरवर्षी नव्या रंगानं रंगवत. फोनवर बुकिंग करणाऱ्यांना ताटाचा जो फोटो दाखवत, तो कलावतीच्या वेळचा होता. लोक त्या फोटोवर भाळून येत, लेकराबाळांना घेऊन कुलपासमोर उभे राहत आणि जाताना माझ्याकडे असं बघत, जणू मीच त्यांच्या तोंडचा घास पळवला. मला कधी वाजवत, कधी नाही. वाजवलं तरी जेवण असेलच याचा नेम नसे. गांधीलमाशांनी माझ्या भोकाजवळ घर केलं. लेकरं मला खडे मारत. दिवस दिवस कोणी माझ्याकडे वळूनही पाहत नसे. खोटं कशाला सांगू, मला फार एकटं वाटे.

अशातच मागच्या हिवाळ्यात, एका रविवारी मारोतराव आले, कलावती गेल्यापासून पहिल्यांदाच. आता ते निवृत्त झालेले, काठी टेकत चालणारे. बरोबर मुलगा धनंजय आणि कॉलेजात जाणारी नात प्राची. गाडीतून उतरल्याबरोबर ते थेट माझ्याकडे आले.

"आहे बापा अजून!" ते म्हणाले आणि प्राचीला सांगू लागले, "हे घंटी म्हणजे पक्का माणूस आहे. वाजली म्हंजे जेवण तयार."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्याचबरोबर मनात धाकधूकही झाली. ते वळून तंबूकडे गेले, तरी मला हाक मारून थांबवता आलं नाही. मला स्वतःहून कुठे बोलता येतं?

दुपार झाली. तिथला तरुण मॅनेजर आनंद हातात फोन घेऊन भोजनगृहासमोर येरझाऱ्या घालत होता. स्वयंपाक करणारा महाराज आलेलाच नव्हता. स्वयंपाकघराची किल्ली त्याच्याकडे आणि तो फोन उचलेना. पाहुण्यांना हे सांगायला तर हवं. आता एकेका तंबूत जाऊन कोण सांगणार? आनंदला वाटलं, सगळ्यांना एका ठिकाणी बोलवावं. त्यानं बोल्ट उचलला आणि मला ठण् ठण् ठोकलं.

पोरगा मनानं वाईट नव्हता. माणसं जमवायला वाजवतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. कलावतीचा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

लोक जमले. धनंजय आणि प्राचीही आले. आनंद चाचरत म्हणाला, "सॉरी सर, आज मेस बंद आहे. महाराज आला नाही, फोन भी नहीं उठा रहा."

धनंजय तडकला. "अरे, फोटोत तं भरलेली थाळी दाखवून राहिले तुमी! आन् आता म्हणता बंद?" पण भांडून पोट भरत नाही. जामुलहून काहीतरी घेऊन येतो, असं प्राचीला सांगून तो गाडी काढून गेला. बाकीचे पाहुणे कुरकुरत तंबूंकडे परतले.

आणि मग मारोतराव आले. हळूहळू, काठी टेकत, चेहऱ्यावर हसू. माझ्याखालच्या बाकावर बसून त्यांनी विचारलं, "काय केलं आज जेवायले?"

"आबा, खाना नाही आहे इथं," प्राची म्हणाली. "पप्पा आणायला गेले."

"नाही कसा? घंटी वाजली ना."

"ती तर सगळ्यांना बोलवायला वाजवली होती, आबा. मेस बंद आहे सांगायला."

मारोतरावांचं हसू मावळलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मी तं सुई घेऊन टाकली."

मित्रांनो, आगीतून निघालेल्या लोखंडाला गारठा माहीत नसतो म्हणतात. त्या क्षणी मी आतून गार पडलो. माझा आवाज ऐकून या माणसानं तंबूत सुई टोचून घेतली होती. माझ्यावरच्या विश्वासानं त्याचा जीव धोक्यात घातला होता.

प्राची धावली. भोजनगृहाला कुलूप. आनंदकडचा बिस्किटांचा पुडा सकाळीच संपलेला. मारोतरावांची खडीसाखर नेहमी बरोबर असे, पण तिची पिशवी धनंजयनं नेलेल्या गाडीतच राहिली होती. धनंजयचा फोन लागेना. इकडे मारोतरावांच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरू लागले. ते काहीतरी बोलायला गेले, पण जीभ जड झाली. ते माझ्याखाली एका बाजूला कलले. आनंद कुलपावर दगड घालत होता. ते तुटेना.

"कोणी आहे का? कुछ मीठा है किसी के पास?" प्राची जिवाच्या आकांतानं ओरडली.

तलावाच्या बाजूला झाडाखाली एक कुटुंब चटई अंथरून बसलं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले जानराव, त्यांची बायको कमला आणि घरची माणसं. कमला हातातला डबा तसाच घेऊन पळत आली. तिनं मारोतरावांचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलं आणि गुळाचा खडा त्यांच्या ओठाशी धरला.

"काकाजी, तोंड उघडा. गूळ आहे. हळूहळू चावा. आमच्या घरच्यालेबी शुगर आहे, मले मालूम आहे हे काय असते ते."

त्यांनी तोंड उघडलं. कमलानं आणखी एक खडा दिला. मग गुळाचं पाणी करून घोट घोट पाजलं. प्राची आबांचा हात घट्ट धरून रडत होती. मी वर टांगलेला, बघत होतो. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

हळूहळू मारोतरावांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला. आनंद पुढे येऊन रडवेला उभा राहिला. "दादाजी, मी तर फक्त सगळ्यांना सांगायला वाजवली. मला मालूम नव्हतं."

"तुले कोणी सांगतलंच नाई रे," मारोतराव म्हणाले. "मंग तुले कसं मालूम पडन?"

कमलानं डबे उघडले. "मागच्या वर्षी इथून उपाशी परत गेलो होतो, काकाजी. म्हून या वेळेस घरूनच करून आणलं. पुरते सगळ्यायले." वांग्याची भाजी, पोळ्या, ठेचा आणि मोठ्या डब्यात भात. जानरावांनी पानं मांडली, आनंदनं पाणी आणलं. मारोतरावांना तिनं आधी चार घास खायला लावले.

मग मारोतराव काठी टेकून उठले. "कमलाबाई, सगळं वाढून झालं?"

"झालं, काकाजी."

त्यांनी बोल्ट उचलला आणि मला वाजवलं. अंगात अजून जोर नव्हता, म्हणून आवाज बारीक आला. पण तो खरा आवाज होता. तंबूंतून माणसं बाहेर आली, बिचकत बिचकत, आणि खरंच वाढलेली पानं बघून बसली. तेवढ्यात धनंजयही पुड्या घेऊन परत आला आणि झालेलं ऐकून आपल्या वडिलांना बिलगला. कितीतरी वर्षांनी माझ्याखाली लोक जेवत होते.

निघताना मारोतरावांनी तो बोल्ट आनंदला दाखवून आपल्या पिशवीत टाकला. "ज्या दिवशी इथली चूल रोज पेटन, त्या दिवशी मले फोन कर. मी सोता आणून देतो."

मला वाईट वाटलं. ते माझा आवाजच घेऊन चालले होते. पण ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

अजून त्यांना फोन गेलेला नाही. पाटी यंदा पुन्हा रंगवली. मी वाऱ्यानं हलतो, साखळी थोडी कुरकुरते, इतकंच. माझे भाऊबंद कुठल्या कुठल्या गावांत गाड्यांखाली खणखणत असतील. मी इथे मुका आहे. जेवायला बोलावणं ही साधी गोष्ट नाही, मित्रांनो. बोलावलेला माणूस तुमच्या हाकेवर आपला जीव ठेवून येतो. कलावतीला हे कळत होतं, आणि ते कळणारं कोणीतरी पुन्हा इथे यावं, एवढीच माझी आस आहे.

तुमच्यापैकी काही जण सुट्टीत इथे येतात. मला बघून गंमत वाटते आणि वाजवायला हात शिवशिवतात, तेव्हा बोल्ट नाही म्हणून तुम्ही दगड उचलता. तो खाली ठेवा, बाळांनो. त्या पलीकडच्या तंबूत कोणी म्हातारा माणूस सुई हातात घेऊन माझ्याकडे कान लावून बसलेला असेल.