जांभळ्या काठाचा वाल

चेरीतालच्या इंदूताईंच्या अंगणात तीस वर्षं एकच वाल पिकत आला होता. हिरवी शेंग, जांभळा काठ. लग्नात आईनं वर्ध्याहून पदराच्या गाठीत बांधून दिलेलं बियाणं. दरवर्षी त्या काही शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि दाणे राखेत घोळवून डब्यात भरायच्या.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या खाटेवरच होत्या. शेंगा कुणी राखल्या नाहीत. पेरणीला जुना डबा उघडला, तर आत किड्यांनी केलेलं नुसतं पीठ.

“काहून रडून राहिली? कमानिया गेटाच्या बाजारातून बियाण्याचं पाकीट आणतो ना,” नवरा शशिकांत म्हणाला.

आणलंही. वेल चढला, शेंगा आल्या, पण काठ हिरवाच. इंदूताईंनी ताट बाजूला सारलं. “आईची एवढी एक वस्तू होती हो. तीही मी राखली नाही.”

पौषात पाय चालता झाला, तशी दोघं नर्मदामाईला नारळ वाहायला ग्वारीघाटावर गेली. फुलं घेताना इंदूताईंची नजर वर गेली आणि हात तिथंच थांबला. फुलवाल्या शालिग्रामच्या टपरीच्या छपरावर वालाचा वेल पसरला होता. शेंगांचा काठ जांभळा.

“भैया, ये सेम कहाँ से लाए?” वालाकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

“आप ही ने दी थी, दीदी!” शालिग्राम हसला. “पाँच-छह साल हो गए. बहन के लिए बीज ले जा रही थीं, मुट्ठीभर हमें भी दे दिए.”

इंदूताईंना काही केल्या आठवेना. तोवर शालिग्राम स्टुलावर चढलाही होता. वाळक्या शेंगा तोडतोडून त्यानं त्यांची ओंजळ भरली. नारळ त्यांनी शशिकांतच्या हाती दिला, आणि शेंगा मात्र स्वतः पदरात बांधल्या.

यंदा मार्गशीर्षात पहिला तोडा निघाला, चांगली टोपलीभर. ती घेऊन त्या थेट शालिग्रामच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोनं बसवून घेतलं, वाटलेली मोहरी घालून त्याच वालाचं सेम-आलू केलं.

“आमच्यात गूळ घालतात,” इंदूताई म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.