तापल्या तेलातले पाणी

मित्रांनो, निपाणीच्या बसस्थानकामागे ज्या जुन्या लोखंडी कढईत भजी तळली जातात, ती मी. रोज उजाडताना नागुबाई गॅसची शेगडी पेटवी, तिचा नवरा भरमा माझ्यात तेल ओती, आणि चिकोडीची पहिली बस लागेपर्यंत पहिला घाणा परातीत पडलेला असे.

बेळगावच्या लोहाराच्या घणाखाली मार खाऊन मला आकार आला. पुढे वर्षानुवर्षे तापून तेलाचा एक काळा, गुळगुळीत थर माझ्या लोखंडाला घट्ट धरून बसला. त्या पातळ कातडीमुळे पीठ मला चिकटत नसे, गंज चढत नसे. "कढई न्हवं ही, आरसा हाय," असे शेजारचे नागोजीआप्पा म्हणत.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. त्या दिवशी मी थंड, रिकामी असायची. पण गेल्या वर्षी गिऱ्हाइकांची दाटी झाली होती आणि माझ्यातल्या तेलातून धूर निघत होता.

"अवो, आधी शेगडी बंद करा, मग पूजा," नागुबाई म्हणाली.

"तवर बस सुटंल गं," म्हणत भरमाने ओला झेंडू आणि पाण्याचे शिंतोडे माझ्यावर टाकले.

पाणी तेलात मिसळत नाही. जड असल्यामुळे ते खाली जाते. तापल्या तेलाखाली त्याची क्षणात वाफ झाली. वाफ कितीतरी पटींनी फुगली आणि तिने तेल उसळवून शेगडीवर फेकले. भडका उडाला. घाबरलेल्या भरमाने शेगडीजवळची पाण्याची घागर उचलली.

"पाणी नगो! अवो, पाणी नगो!"

घागर रिती झाली. तेलाचे बारीक बारीक थेंब उडाले, प्रत्येक थेंबाला चहूकडून हवा मिळाली, आणि सगळे एकदम पेटले. आगीचा लोळ छपराला भिडला. भरमाच्या उजव्या हाताची कातडी सोलून निघाली. त्याची किंकाळी रस्त्यापलीकडे गेली. नागुबाईने गॅस बंद केला आणि परात माझ्या तोंडावर उलटी दाबली. हवा संपताच आग गुदमरून मेली.

भरमा इस्पितळात असताना मला दुकानामागच्या परसात टाकले. कुणीतरी विटेच्या तुकड्याने घासून माझा थर खरवडला. उघड्या लोखंडावर तांबडा गंज धावला.

"लई अपशकुनी. भंगारात घाल हिला, नागू," नागोजीआप्पा म्हणाले.

"व्हय की आप्पा! कढईच उठून घागर वतायला गेलती जणू!"

भरमा घरी आला, पण शेगडीचा फरफराट ऐकला की उठून बाहेर निघून जाई. त्या दोघांना दुकानावाचून आधार नव्हता, आणि दुकान काही उघडेना.

मित्रांनो, पेटल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका. आच बंद करा, झाकण घाला. आमची पूजा जरूर करा, पण आधी आम्हाला थंड होऊ द्या.

एका सकाळी भरमा एकटाच परसात आला. डाव्या हाताने त्याने माझा गंज वाळूने काढला, तेल चोळले, मला दुकानातल्या शेगडीवर ठेवले. शेगडीजवळची घागर उचलून त्याने बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. मग परत येऊन काडी ओढली.