चंद्र चौथ्या मजल्यावर

“अजून एक जण सहज मावेल,” अध्यक्ष पोट आत ओढत म्हणाले. “घंटी कुठे वाजतेय?”

घंटी वाजणारच नव्हती. वजन जास्त झालं की बोंबलणाऱ्या त्या घंटीची तार मिस्त्रीने दुपारीच सोडवून ठेवली होती. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये आता नऊ माणसं होती, एक स्टूल होतं, स्टुलावर बाई होत्या, आणि दातांच्या डॉक्टरांच्या डोक्यावर यान होतं.

यान म्हणजे प्रेशर कुकर. त्याला मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे चार पाय आणि वरून चॉकलेटचे सोनेरी कागद. डॉक्टरांनी ते इतक्या प्रेमाने बनवलं होतं की त्यांच्या घरचे बरेच दिवस अर्धकच्चं जेवत होते. त्यातला एक पाय सध्या अध्यक्षांच्या कानात होता.

“डॉक्टर, तुमचं यान माझ्या कानात उतरतंय.”

“दाढ काढताना तुम्ही हललात तसे आता हलू नका, म्हणजे लागणार नाही.”

आज संध्याकाळी खरंखुरं यान चंद्रावर उतरणार होतं. आत माणूस नाही, नुसतं यंत्र. पण चांद्रमित्र मंडळाचा उत्साह असा की जणू घरातलीच मुलगी परीक्षेला बसली आहे. गच्चीवरच्या खोलीत टीव्ही मांडला होता. दुर्बीण पुसून ठेवली होती. बॅनरवाल्याने चंद्राच्या फोटोभोवती एक कडं काढून दिलं होतं. “शोभेला,” म्हणाला. अध्यक्षांनी भाषण तयार केलं होतं आणि ते यानाच्याही आधी सुरू होऊन यानाच्याही नंतर संपेल, अशी सगळ्यांना भीती होती.

मिस्त्री लिफ्टचा माणूस. जन्म गेला लोकांना वर-खाली नेण्यात, स्वतः मात्र तिथल्या तिथे. मंडळात त्याचं काम खुर्च्या लावायचं. बाईंनी त्याला शाळेत शास्त्र शिकवलं होतं. शास्त्र काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. बाई मात्र शिरल्या, त्या निघाल्याच नाहीत.

मागच्या खेपेला असंच एक यान उतरता उतरता मुकं झालं होतं. संपर्क तुटला म्हणून सांगितलं तशी मंडळी चपला शोधत घरी गेली. मिस्त्री खुर्च्या गोळा करायला आला तर बाई एकट्याच टीव्हीसमोर बसलेल्या.

“लागलं असेल का रे त्याला?” त्यांनी विचारलं होतं.

मिस्त्रीला वाटलं, नुसत्या यंत्राला काय लागायचं? पण बाईंनी विचारलं होतं, तेव्हा त्याला स्वतःलाच कुठेतरी लागलं.

“पुढचं बघायला मी असेन की नाही, कुणास ठाऊक,” बाई म्हणाल्या.

“असणार म्हणजे काय! पुढच्या वेळी तुम्हाला गच्चीत नेतो. समोर टीव्ही, वर खरा चंद्र. माझा शब्द.”

त्यानंतर बाई खूप थकल्या. तळमजल्यावरच्या खोलीतून त्या फक्त दवाखान्यात जायला बाहेर पडत. पण आज त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. शब्द म्हणजे शब्द. बाईंना एकट्यांना वर न्यायचं मिस्त्रीने ठरवलं होतं, पण मंडळ म्हणालं, बाईंच्या बरोबर सगळेच जाऊ, दिमाखात जाऊ. आणि दिमाखाला नाही म्हणायची मिस्त्रीला सवय नव्हती, म्हणून तर ती तार सोडवलेली.

जाळीचा दरवाजा खडखडत लागला. लिफ्ट कण्हत वर निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसरा मागे पडला, आणि अध्यक्षांना कल्पना सुचली.

“मंडळी! चंद्रावर माणूस हलका होतो. आपणही तो अनुभव घेऊया. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी उडी मारायची!”

“अहो, लिफ्टमध्ये उड्या...” मिस्त्री ओरडेपर्यंत तीन म्हणून झालं होतं.

हलकं कुणालाच वाटलं नाही. खाली आल्यावर सगळ्यांना आपापलं वजन मात्र नीट कळलं. धाड्‌कन आवाज झाला, लिफ्ट हिसका देऊन थांबली आणि दिवा गेला. कुकरची शिट्टी उडून कुणाच्या तरी टकलावर टण्‌कन आपटली.

“उतरलं का?” अंधारातून बाईंनी विचारलं.

“नाही बाई, आपण अडकलो,” मिस्त्री म्हणाला.

मोबाइलचे दिवे लागले. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या जरा खालीच लटकली होती. जाळीतून चौथ्या मजल्याची फरशी दिसत होती, पण कंबरेच्या उंचीवर.

“वाचलो! चला, चढून बाहेर पडू,” अध्यक्ष जाळीला हात घालत म्हणाले. “टीव्हीवर काय झालं ते बाईंना आम्ही सांगूच मागाहून. वर माझं भाषण आहे.”

मिस्त्रीने त्यांचा हात आत ओढला. चांगला खेचलाच. “कुणी हलायचं नाही. वजन हललं की लिफ्ट हलेल. चढताना हलली तर अर्धे अध्यक्ष वर राहतील आणि अर्धे खाली.”

“पण यानाला किती थोडा वेळ राहिलाय!”

“बाईंना त्या फरशीवर चढता येणार आहे का? नाही ना? मग सगळे इथेच.” आणि मिस्त्री जाळीला पाठ लावून उभा राहिला. आपण अध्यक्षांना उलटून बोललो हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

“मिस्त्री, लिफ्ट तुमची, देखभाल तुमची, मग ही अडकलीच कशी?” डॉक्टरांनी विचारलं. “जास्त वजनाला ती घंटी असते ना?”

मिस्त्री म्हणाला, “घंटीची तार मी काढली.”



“माझ्यासाठी काढलीस ना?” बाई म्हणाल्या. “गाढवा.”

शाळेत बाईंनी त्याला गाढव म्हटलं की तो मान खाली घालायचा. आताही घातली.

एवढ्यात वरून चपलांचा फटफट आवाज आला. ती मिस्त्रीची बायको. गच्चीवर मंडळाचा चहा करत होती. तिचा चंद्रावर राग नव्हता, मंडळावर होता. नवरा सभेला निघाला की ती म्हणायची, “चंद्रावर जायचं तर जा, जाताना कचरा तेवढा खाली टाकून जा.”

“अहो! धडधड कसली झाली?” ती चौथ्या मजल्यावर येऊन वाकली. जाळीच्या आत तिला उजेडाचे ठिपके आणि त्यामागे नऊ ओशाळलेले चेहरे दिसले. “अगं बाई! हे काय, पिंजऱ्यात पोपट बसल्यासारखे?”

“आधी वर जा. मशिनच्या खोलीत मोठा स्विच आहे...”

“माहितीये. ज्याला मी चादरी वाळत घालायची दोरी बांधते तोच ना?”

“तोच! तो खाली ओढ, म्हणजे लिफ्टची वीज बंद होईल. आणि लिफ्ट कंपनीला फोन लाव.”

ती गेली, स्विच ओढून, फोन करून परत आली. “तासाभरात येतो म्हणाले.”

“तासाभरात!” अध्यक्षांचा आवाज फाटला. “तोवर यान उतरून गार होईल!”

मिस्त्री बायकोकडे बघत राहिला. त्याने दिलेला शब्द तिला ठाऊक होता. गेले कित्येक महिने जेवताना त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतंच. तिने एकदा बाईंच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, पदर खोचला आणि चौथ्या मजल्यावरचं दार बडवलं.

तिथे राहत होता शंकासुर. हे त्याला मंडळाने दिलेलं नाव. चंद्रावर कुणी गेलेलं नाही, सगळं स्टुडिओत काढतात, असं त्याचं ठाम मत. तरी तो एकही सभा चुकवायचा नाही.

“काका, तुमचा टीव्ही बाहेर काढा.”

“माझा टीव्ही? असल्या थापा दाखवायला?”

“दर सभेला चहा कुणाचा पिता?”

शंकासुराने टीव्ही बाहेर काढला. जुना, छोटा, कडेला चिकटपट्टी लावलेला. वायर पुरेना म्हणून त्याने स्वतःच आतून जोडणीची वायर आणली. टीव्ही फरशीवर मांडला, आग विझवायच्या लाल बादलीला टेकवून. बादलीतली वाळू थोडी सांडली. लिफ्टमधली मंडळी जाळीला नाकं लावून ओळीत उभी राहिली. बाई स्टुलावर, त्यांची नजर बरोबर फरशीच्या वर. सगळ्यांत चांगली जागा त्यांचीच होती.

टीव्हीवर एका मोठ्या खोलीत पुष्कळ माणसं बसली होती.

“ती माणसं कॉम्प्युटरकडे बघतायत,” शंकासुर म्हणाला, “आणि आपण त्या माणसांकडे बघतोय. ह्याला म्हणतात चंद्र!”

“कोपऱ्यात ती हिरवी रेघ आहे ना, त्या रेघेवरचा ठिपका म्हणजे यान,” डॉक्टर म्हणाले. “श्श!”

मिस्त्रीच्या बायकोने बाईंकडे पाहिलं आणि तिच्या काहीतरी ध्यानात आलं. बाई अगदी लक्ष देऊन बघत होत्या, पण टीव्हीकडे नाही. लाल बादलीकडे.

आतल्यांना बाईंची पाठच दिसत होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती टीव्हीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि सहज गप्पा माराव्यात तशी बोलायला लागली.

“बाई, एक हिरवी रेघ आहे हो, घसरगुंडीसारखी. ठिपका निम्म्यावर आलाय. समोर एक चष्मेवाली आहे, तुमच्यासारखीच केसांची गाठ मारलीये. हातात पेन गच्च धरलंय. लिहीत काहीच नाहीये.”

“घाबरली असेल,” बाई म्हणाल्या. त्यांची मान बादलीकडून आवाजाकडे वळली.

मिस्त्रीने बायकोचा असा आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता. घरी ती कामापुरतं बोलायची. टीव्ही तर सगळ्यांनाच दिसत होता, मग ही सांगतेय कुणाला? आणि एकदम त्याला कळलं. बाईंना टीव्ही दाखवायचा म्हणून त्याने तार काढली, नऊ जणांना लटकवलं, आणि बाईंना टीव्ही दिसतच नव्हता. त्यांनी तसं सांगितलं असतं तर त्याचा शब्द मोडला असता, म्हणून त्या बोलल्या नसणार. त्याने त्यांच्या स्टुलाची पाठ घट्ट धरली. स्टुलाला पाठ नव्हती, त्याने बाईंचा खांदाच धरला होता.

“चंद्र आहे का गं वर?” बाईंनी मध्येच विचारलं. “खरा?”

“काका, जा बघून या.”

“मी?” शंकासुर म्हणाला. पण गेला. धापा टाकत गच्चीवर गेला आणि तिथून जिन्यात ओरडला, “आहे! आहे जागेवर!”

“ठिपका आता अगदी तळाला आलाय,” बायको सांगत होती. “सगळे गप्प झालेत. चष्मेवाली उभी राहिली. तिचं पेन पडलं, बाई. आता... आता ती रडतेय.”

लिफ्टमध्ये कुणी श्वास घेईना. मागच्या वेळीही माणसं रडलीच होती. टीव्हीवरून काहीच आवाज येत नव्हता.

“लागलं का गं त्याला?” बाईंनी हळूच विचारलं.

“थांबा हं. रडतेय... पण शेजारणीला मिठी मारलीये. बाई, ती हसतेय! सगळेच हसतायत! उतरलं हो बाई, उभ्याच्या उभं उतरलं! काही नाही लागलं त्याला!”

“हुर्रे!” अध्यक्ष ओरडले आणि उडी मारायला वाकले. त्यांना आठ जणांनी धरून ठेवलं. भाषण ते तिथेच सुरू करणार होते, पण खिशापर्यंत हात न्यायला जागाच नव्हती. शंकासुर जिन्यातून धावत आला आणि विचारू लागला, “काय झालं? थाप मारली का? सांगा ना!” त्याला कुणीच सांगेना. तेव्हा तो स्वतःच्या टीव्हीसमोर उकिडवा बसला आणि डोळे पुसू लागला. धूळ गेली, म्हणाला.

मग लिफ्ट कंपनीची वाट बघणं उरलं. मिस्त्रीच्या बायकोने चहाचे कप जाळीच्या फटीतून एकेक करून आत दिले. मिस्त्री प्रत्येक वेळी म्हणायचा, “हात लगेच बाहेर. लिफ्टचा भरवसा नाही.” डॉक्टरांनी यान खाली ठेवलं. ते नेहमीप्रमाणे एका कुशीवर कलंडलं.

शेवटचा कप बाईंचा होता. तो दिला, पण बायकोचा हात परत बाहेर गेला नाही. बाईंनी तो धरून ठेवला होता.

“आणखी सांग ना,” बाई म्हणाल्या. “ती चष्मेवाली आता काय करतेय?”

“पेन शोधतेय हो, टेबलाखाली.”

टीव्हीवर केव्हाच जाहिरात लागली होती.

जाळीतून आलेला तो हात मिस्त्रीला दिसत होता. आयुष्यभर लोकांना तो हेच सांगत आला होता, जाळीत हात घालू नका. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग मागे हात नेऊन त्याने लिफ्ट थांबवायचं लाल बटण शोधलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. वीज कधीच बंद केलेली होती. त्या बटणाने काही होणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी कंपनीची माणसं येईपर्यंत त्याने अंगठा काढला नाही.