बावीस फुटांची उडी

ग्रँट मॅकॅडू नावाचा माणूस जगात नव्हता, तेव्हाच मी त्याची जन्मतारीख ठरवली होती. स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात मला त्याचाच पगार मिळे. ओहायोतल्या एका लाँड्रीवाल्याचा ऑर्विल स्कॅग्ज नावाचा मुलगा आमच्याकडे आला. रुंद खांदे, बरी हनुवटी आणि घोड्याची भीती, एवढं त्याचं भांडवल. खांदे आणि हनुवटी आम्ही ठेवून घेतली, नाव बदलून ग्रँट मॅकॅडू केलं. भीतीची सोय हॉब लुडेनने केली.

हॉब वायोमिंगचा, घोड्यांत वाढलेला. पाठमोरा उभा केला तर थेट ग्रँट. 'सॉल्ट क्रॉसिंग' ही आमची मालिका पाच वर्षं चालली. तिच्यातला शेरीफ दर आठवड्याला कुणाला तरी तुरुंगात टाकी किंवा गोळी घाली. वेळ किती उरलाय त्यावर ते ठरे. ग्रँट रिकिबीत पाय ठेवी, तिथे कॅमेरा थांबे. पुन्हा सुरू होई तेव्हा खोगिरावर हॉब असे. दौड संपली की हॉब उतरे, ग्रँट चढे, आणि दमलेला घोडा मुकाट उभा राही.

मालिकेच्या सुरुवातीला, नावं येण्याआधी, शेरीफचा घोडा चॅट्सवर्थच्या खडकांमधली बावीस फुटांची घळ ओलांडत असे. ही उडी दाखवली दर आठवड्याला. घेतली एकदाच, अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात. घोडा पलीकडे टेकतो तिथे पडद्यावरचं दृश्य संपतं. प्रत्यक्षात त्यानंतर घोडा कोलमडला आणि हॉबच्या अंगावर पडला. हॉबचा कणा दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी मी दोन निवेदनं लिहिली. वर्तमानपत्रांसाठी: दिग्दर्शकाचा विरोध न जुमानता ग्रँट मॅकॅडू यांनी ही उडी स्वतः मारली. विम्यासाठी: हॉब लुडेन नावाचा कामगार गवताच्या ट्रकवरून पडला. दोन्ही मिळून चाळीस मिनिटं लागली. तेव्हा मला हे कौशल्य वाटायचं.

ग्रँटबद्दल एक सांगायला हवं. पुढचे सहा आठवडे तो रोज शूटिंग संपलं की थेट इस्पितळात जाई. हॉबची बायको अर्लीन फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात दुपारपाळीला होती. तिची पाळी सुटेपर्यंत हॉबजवळ ग्रँटच बसे.

मग लोकांना शेरीफांचा कंटाळा आला आणि डॉक्टरांची आवड लागली. मालिका बंद पडली. ग्रँटला दारुड्यांची कामं मिळाली, पुढे प्रेतांची. दोन बायका आल्या आणि गेल्या. उरली ती बाजारांची उद्घाटनं आणि गावोगावच्या जत्रा. तिथे तो टोपी घालून फळ्यांच्या स्टेजवर उभा राही आणि उडीची गोष्ट सांगे. वर्षाला चाळीसेक जत्रा धरा, आणि अशी पंधरा वर्षं. पेट्रोल पंपावर कुणी 'शेरीफ' म्हटलं की तो लगेच वळे. 'ग्रँट' म्हटलं तर जरा वेळाने. 'ऑर्विल' म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं.

एक्क्याऐंशी साली अर्लीनचा फोन आला.

"मॉर्टी, जिवंत आहेस का?"

"थोडाफार."

"मग ये. हॉबची फुप्फुसं गेली. डॉक्टर महिना म्हणतो, म्हणजे दोन आठवडे धर."

स्टंटवाल्यांच्या संघटनेने आपल्या सभागृहात एक भिंत केली होती. ज्यांनी नाव काढण्यासारख्या उड्या मारल्या, त्यांची नावं तिथे पितळी पट्ट्यांवर लागत. अर्लीनला त्या भिंतीवर हॉबचं नाव हवं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवं होतं. मी ताबडतोब संघटनेला पत्र लिहिलं. सेक्रेटरीने सभ्य उत्तर दिलं आणि सोबत माझं अठ्ठावन्न सालचं निवेदन जोडलं. यातलं कोणतं खरं समजू, असं त्याने विचारलं होतं. त्याला त्या दिवशी तिथे हजर असलेला माणूस हवा होता. दिग्दर्शक मेलेला, कॅमेरामन मेलेला. राहिला ग्रँट. उडीच्या वेळी तो दूर छत्रीखाली बसून अंड्याचं सँडविच खात होता.

मी मजकूर टाइप केला आणि ग्रँटला गाडीत घातलं. वाटेत त्याने हॉबला आवडतो म्हणून बेकरीतून लेमन पाय घेतला.

"हॉबसाठी ना? कुठे सही करायची ते सांग."

"आधी वाचून तरी घे."

"मॉर्टी, तुझं लिहिलेलं मी कधी वाचलंय? पाठ केलंय."

हॉब सिल्मारला, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहत होता. आरामखुर्चीत बसलेला, नाकात नळी, शेजारी बुडबुडणारं यंत्र.

"आला का शेरीफ? दार लाव, घोडे आत येतील."

"गप रे म्हाताऱ्या. मी तर ऐकलं होतं, तू मेलास."

"तुझ्याइतक्या वेळा नाही मेलो."

दोघं हसले. अर्लीनने टेबल पुसून कागद समोर ठेवला, वर पेन ठेवलं. ग्रँटने चष्मा लावला. कागदावर एकच वाक्य होतं: ही उडी हॉब लुडेन यांनी मारली आणि मी तिथे हजर होतो. त्याने ते दोनदा वाचलं. मग बेरीज चुकलेल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"मॉर्टी, चूक झालीय तुझी. ही उडी माझी आहे."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ग्रँटला मी पंचवीस वर्षं ओळखत होतो. इतका चांगला अभिनय त्याला कधीच जमला नव्हता. डोकंही शाबूत होतं. सेटवर आम्हाला जेवण वाढणाऱ्या बाईच्या कुत्र्याचं नाव त्याला आठवत होतं.

"ग्रँट," अर्लीन म्हणाली, "नीट आठव."

"विसरेन कसा? घोड्याने कान मागे पाडले. अर्ध्यावर गेलं ना, की सगळे आवाज बंद होतात. टापा नाहीत, काही नाही. नुसता खोगिराचा पट्टा करकरतो. आणि खाली घळीत कुणाची तरी निळी किटली पडलेली. मरायच्या वेळी माणसाला काय सुचतं बघ. मला वाटलं, कुणाची असेल बरं?" त्याने हॉबच्या गुडघ्यावर थाप मारली. "आणि हा धांदरट! नेमका त्याच दिवशी गवताच्या ट्रकवरून पडला. आठवतं का रे?"

ट्रक माझाच, मी लिहिलेला. मी बोलू शकलो असतो. मी लेमन पायच्या डब्याचं झाकण नीट बसवत राहिलो.

हॉबने ग्रँटकडे बघत नाकातली नळी सरळ केली.

"आठवतं की," तो म्हणाला. "मी मेला पहिल्यापासून धांदरटच."

तो हसायला गेला, त्याला खोकला आला. ग्रँटने त्याची पाठ चोळली. मग त्याने माझं वाक्य खोडलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की हॉबसारखा घोडेस्वार मी पाहिला नाही आणि याच्यासारखा मित्र मला दुसरा मिळाला नाही. सही केली, चाहत्यांना देताना काढतो तसं सहीखाली टोपीचं चित्र काढलं. डोळे पुसत तो गाडीत जाऊन बसला.

"का नाही बोललास?" अर्लीनने हॉबला विचारलं.

"त्याच्याजवळ तेवढंच आहे गं."

"आणि तुझ्याजवळ?"

हॉब यंत्राचं बटण चाचपू लागला.

"बावीस वर्षं रोज सकाळी मी तुझ्या पायांत मोजे चढवते. तुला वाकता येत नाही म्हणून. गवताच्या ट्रकमुळे?"

"अर्लीन..."

"एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे मला. फक्त मला. भिंत गेली चुलीत."

"आता दम नाही गं उरला," हॉब म्हणाला.

ते खरंच होतं. नवव्या दिवशी तो गेला.

दफनाला चाळीसेक माणसं होती. निम्मी हॉबसाठी आली होती, निम्मी शेरीफसाठी. शवपेटीचा पुढचा कोपरा ग्रँटने धरला होता आणि सगळ्यांत जास्त तोच रडत होता. पाद्री गेल्यावर लोक त्याच्याभोवती जमले. कुणीतरी उडीचं विचारलं असावं. अर्लीन तडक माझ्या गाडीत येऊन बसली.

"घरी सोड."

मी किल्ली फिरवली.

"थांब. ती निळी किटली. तू लिहिली होतीस?"

"नाही."

"घोड्याचे कान? पट्ट्याचा आवाज?"

"नाही. मी त्या दिवशी ऑफिसात होतो. ग्रँट छत्रीखाली होता. तिथून घळीचा तळ दिसत नाही, अर्लीन."

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"म्हणजे हॉबने सांगितलं त्याला. इस्पितळात." ती म्हणाली, "मला एवढंच म्हणायचा, उडी मारली, पडलो, जेवायला काय आहे?"

मी गाडी बंद केली. ती दार उघडून उतरली आणि थडग्यांमधून परत गेली. मीही मागोमाग गेलो. लोकांनी तिला वाट दिली. ग्रँट दोन्ही हातांत लगाम धरल्यासारखा उभा होता. तिला पाहून त्याने हात खाली केले.

"माफ कर, अर्लीन. ही वेळ नव्हे."

"नाही, सांग. पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं. काही गाळू नकोस."

ग्रँटने टोपी काढून छातीशी धरली आणि सुरुवात केली. पहाटेचं सांगितलं, खडकांवरच्या धुक्याचं सांगितलं. घोडा दोनदा कसा अडला ते सांगितलं. अर्लीन डोळे मिटून ऐकत होती.

"थंडी होती?" तिने मध्येच विचारलं.

"भयंकर. लगाम धरवेना. आणि हातमोजे विसरलेला मी."

"हो," अर्लीन म्हणाली. "ते घरीच राहिले होते."