जुन्या कॅसेटवर नवं संमेलन

आमच्या माण तालुक्यातल्या शाळेत त्या वर्षीचा सगळ्यांत अवघड प्रश्न परीक्षेत आला नाही, शाळा समितीच्या बैठकीत आला. स्नेहसंमेलनाच्या शूटिंगला नवी व्हिडिओ कॅसेट घ्यायची, की गेल्या वर्षीचीच पुसून वापरायची? गळक्या छपराचा विषय दोन मिनिटांत पुढं ढकलला होता. कॅसेटवर दीड तास चर्चा झाली.

"गेल्या सालचं कोण बघतंय गुर्जी?" अध्यक्ष लालासाहेब म्हणाले. "जुन्यावरच उतरवा. माझं भाषण तेवढं ठेवा."

त्या कॅसेटवर पहिली चाळीस मिनिटं त्यांचंच भाषण होतं. विषय, काटकसर. उरलेल्या जागेत दीडशे पोरं कशीबशी बसवली होती.

"हरणाबाईंनी अजून बघितलेलं नाही," मी म्हणालो.

हरणाबाई म्हणजे चौथीतल्या क्रांतीची आजी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायची, ती मृगाला परतायची. जानेवारीतलं संमेलन तिला कधीच दिसत नसे. गेल्या साली क्रांतीनं ढोलावरचा धनगरी गजीचा नाच केला, तोही आजीनंच शिकवलेला. पण आजी परतली तेव्हा शाळेचा टीव्ही दुरुस्तीला सांगलीला गेला होता. तो आपला अभ्यासदौरा आटोपून आला, तोवर बाई पुन्हा रानोमाळ. पुढच्या मृगाला नक्की दाखवीन, असा शब्द मी क्रांतीला दिला होता.

"मग यंदाचं दाखवा की."

"यंदा क्रांती नाटकात झाड आहे."

"झाड बी नाचवा!" लालासाहेब म्हणाले. समिती हसली आणि ठराव एकमतानं पास झाला.

संमेलनाच्या दिवशी म्हसवडचा शूटिंगवाला फारूक आला. त्यानं कॅमेऱ्यात कॅसेट घातली, पण रेकॉर्डिंग सुरू होईना. त्यानं ती काढून उलटीपालटी केली.

"आवं गुर्जी, हिची खिट्टी कुणी मोडली?"

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची बारीक खिट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर नवं काही उतरत नाही.

"मी मोडली," लालासाहेब छाती काढून म्हणाले. "तूच म्हणाला हुतास, खिट्टी मोडली की पुसायची भीती न्हाई. माझं भाषण सुरक्षित केलं."

"झालं की सायेब. पर त्याच्यासंगं अख्खी कॅसेट सुरक्षित झाली. तिला काय कळतंय, अध्यक्ष कवा संपलं आन् पोरं कवा सुरू झाली!" फारूक हसला. "सोपं हाय. भोकावर चिकटपट्टी लावली की हुतंय. हाय का रं कुणाकडं?"

पानं चिकटवायला आणलेली चिकटपट्टी झाड झालेल्या क्रांतीकडं होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात हळूच पानांच्या आत घेतला.

"संपली," ती म्हणाली.

तीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवत आलोय. त्या घटकेला मात्र मला एकदम पताका मोजाव्याशा वाटल्या.

"मग माझं यंदाचं भाषण?" लालासाहेबांनी खिशातले सहा कागद चाचपले.

"करा की, कोण अडवतंय? फकस्त उतरायचं न्हाई."

ज्या नव्या कॅसेटची शाळेला ऐपत नव्हती, ती आणायला लालासाहेबांनी स्वतः मोटारसायकलला किक मारली. येताना दोन आणल्या. भाषण लांबलं तर असावी म्हणून.

मृगाला हरणाबाई आली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. भाषण आम्ही पुढं पळवलं. पुसता येत नव्हतं, पळवता येत होतं. मग ढोल वाजला आणि दोन्ही हातांत रुमाल घेतलेली क्रांती पडद्यावर आली. बाई सरकत सरकत काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"परत लावा," नाच संपल्यावर ती म्हणाली.

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ती नातीकडं वळली. आता डोळ्याला पदर लावणार, असं मला वाटलं.

"तिसऱ्या फेऱ्याला पाय चुकलाय गं," हरणाबाई म्हणाली. पदर कमरेला खोचून ती उठली आणि तिनं दोन बाकं बाजूला सारली. "ऊठ. बघ हिकडं, उजवा पाय आधी."