विश्राम धर्माजी राऊत, घरपट्टी!

फाल्गुन सरत आला, चिकूच्या झाडांखाली दुपारची सावली गोळा होऊन निजली, की आनंदीकाकूंचा कान फाटकाकडे लागायचा. सोयरा यायचा नव्हता की पाहुणा. यायचा तो पंचायतीचा शिपाई बुधा. सायकल कुंपणाला टेकवायची, पिशवीतून घरपट्टीचं बिल काढायचं आणि त्याच्या बापाच्या वेळेपासून चालत आलेल्या हेलात हाक द्यायची, "विश्राम धर्माजी राऊत, घरपट्टीऽऽ!"

त्या हाकेसरशी सगळी वाडी कूस बदलायची. निदान काकूंना तसं वाटायचं. विहिरीवरचा रहाट आपसूक कुरकुरे, सुरूच्या बनापलीकडचा समुद्र क्षणभर श्वास धरून बसे, आणि मागच्या आळ्यात वाकलेलं कुणीतरी कंबर सरळ करून आता "आलो रे" म्हणेल, असं होऊन जाई. त्या दिवशी काकू चहाचे तीन कप मांडत. एक बुधाचा, एक स्वतःचा. तिसऱ्यावर साय धरायची, आणि बुधा शहाणा, तिकडे बघायचा नाही.

विश्रामराव जाऊन चार वर्षं झाली होती. पोटी मूल नाही. चिंचणीत त्यांना ओळखणारे पुष्कळ, पण गेलेल्या माणसाचं नाव कोण घेतो? 'काकूंचे मालक' म्हणत, नाहीतर 'वाडीवाले'. काकूंनी स्वतः ते नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी ओठांवर आणलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. देवापुढे बसल्या तरी मनातल्या मनात 'हे' म्हणायच्या, आणि देवाला ते कळायचं. साऱ्या गावात ते नाव अख्खं, बापाच्या नावासकट, मोठ्याने घेणारा एकटा बुधा होता, तोही वर्षातून एकदा.

पहिल्या वर्षी काकूंनी पैसे त्याच्याच हाती पाठवले होते. पावतीबरोबर शांतारामभाऊंचा निरोप आला. शांतारामभाऊ म्हणजे पंचायतीतले कारकून, कानावर पेन्सिल ठेवणारे. "या खेपेला घेतले. पुढल्या खेपेला मृत्यूचा दाखला घेऊन या म्हणावं. गेलेल्याच्या नावावर किती दिवस चालायचं? नाव कमी करून टाकू."

नाव कमी करून टाकू! भाजीतलं मीठ कमी करावं तसं. काकूंनी दाखला विश्रामरावांच्या ट्रंकेत घातला आणि कुलूप लावलं. त्यानंतरची तीन बिलंही त्याच ट्रंकेत गेली, घडी न मोडता. ज्यांची चिठ्ठी त्यांच्या ट्रंकेत.

घोटाळा एवढाच होता, की घर आता काकूंच्या एकटीचं राहिलं नव्हतं. विश्रामराव गेले त्याच वर्षी बोईसरच्या प्रताप सावेशी त्यांनी कागद केला होता. प्रताप लांबचा पुतण्या, सिमेंट-पत्र्यांच्या दुकानाचा मालक. पालघरच्या वकिलाने तो कागद भराभर वाचून दाखवला: प्रतापने दरमहा तीनशे रुपये द्यायचे, काकूंनी डोळे मिटेपर्यंत घरात राहायचं, मागाहून घर प्रतापचं. घरपट्टी मात्र काकूंनी भरायची. तीन वर्षं थकली तर करार मोडला, महिन्याचे पैसे बंद आणि घर तेव्हाच प्रतापच्या ताब्यात. काकूंनी ते ऐकलं, सुरूच्या बनातला वारा ऐकावा तसंच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चात प्रताप महिन्याचे पैसे द्यायला आला, तो चपला न काढताच ओटीवर उभा राहिला.

"काकू, पंचायतीत गेलो होतो. तीन वर्षांची थकलीय! अडचण होती तर मला सांगायचं नाय?"

"अडचण कसली? पैसे डब्यात हायत. वर्षावर्षाच्या पुड्या बांधून ठेवल्यात."

"मग भरत का नाय?"

"बघू."

"बघू काय? एकतीस मार्च गेला की जप्तीची नोटीस लागेल दाराला. मग घर तुमचं नाय नि माझंबी नाय. मी सिमेंट विकतो काकू, पण वाळूत भिंत नाय बांधत. करार मोडायला लावू नका मला. कुठं जाल तुमी?"

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. पोरगं वाईट नव्हतं. कपाळावर घाम होता. "पाणी पी आधी," त्या म्हणाल्या. त्याला खरं कारण सांगितलं असतं, तर तो बोईसरपर्यंत हसत गेला असता.

तेवढ्यात रामनवमीचा उत्सव लागला. तिसऱ्या प्रहरी देवळात झुंबरबुवांचं कीर्तन असायचं. कीर्तनाला काकू कधी चुकायच्या नाहीत. झांज वाजली की त्यांच्या जिवातलं काहीतरी पाण्यावर तरंगायला लागायचं. त्या दिवशीही खांबाला टेकून त्या अर्धवट तंद्रीत होत्या. कबुतरांची सावली फरशीवरून सरकत होती, आणि डोळ्यांपुढे पंचायतीची वही उघडी होती. तिच्यातली अक्षरं एकेक करून भरतीत विरघळत चालली होती.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"मंडळी, कामाच्या घाईत तुम्ही राम म्हणता. पण प्रेमाला भरतं आलं, की काय म्हणता? सीताराम! राधाकृष्ण! लक्ष्मीनारायण! आधी ती, मग तो. अहो, त्रिभुवनाचा धनी, पण त्याला एकट्याची हाक गोड लागत नाही. तिच्या मागे उभं राहायला आवडतं त्याला."

"आमच्या घरी येऊन सांगा की बुवा जरा!" बायकांतून शेजारची शालू ओरडली, आणि देऊळ खदखदून हसलं.

काकू हसल्या नाहीत. तंद्रीत ती वही अजून उघडीच होती. आणि चार वर्षांपूर्वी वाऱ्यासारखा कानावरून गेलेला वकिलाचा आवाज आता झांजेसारखा स्पष्ट वाजला: लिहून देणार, आनंदी विश्राम राऊत.

आधी ती, मग तो.

एकतीस तारखेला त्या दाखला आणि पैशांच्या पुड्या घेऊन पंचायतीत गेल्या. शांतारामभाऊंनी वही उघडली, लाल शाईची दौत पुढे ओढली. काकूंनी बाकाची कड घट्ट धरली. टाक नावावरून सरकला. त्यांनी वाकून पाहिलं. रेघ बारीक होती, खालचं नाव लख्ख वाचता येत होतं. झाडाच्या सावलीतून दिसावं तसं.

"आता तुमचं पूर्ण नाव सांगा."

"तुमाला ठावं नाय काय?"

"ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून ऐकून लिहायचा नियम आहे."

"आनंदी..." काकू अडल्या. गालांवर रक्त चढलं. दारात उभा बुधा दात काढून म्हणाला, "अडलं का घोडं? उखाणा घ्या काकू, उखाणा!"

"गप रे मेल्या." पण त्यांनी पदर सावरला. खिडकीतून खारा वारा आत आला, वहीची पानं फडफडली, आणि सत्तरीकडे झुकलेल्या त्या बाईचा आवाज नव्या नवरीसारखा बारीक झाला:

"सुरूच्या बनातून येतो खारा वारा,
विश्रामरावांच्या घराचा भरते मी सारा."

शांतारामभाऊंनी टाक खाली ठेवला. थोडा वेळ ते कानावरची पेन्सिल शोधत बसले, ती कानावरच असून. मग नव्या ओळीवर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं आणि पावती फाडली. पुढल्या रविवारी प्रतापने ती उजेडात धरून दोनदा वाचली, महिन्याचे पैसे त्यांच्या हाती ठेवले आणि या खेपेला चपला काढून चहाला बसला.

वर्ष फिरलं. फाल्गुन सरत आला, चिकूखालची सावली निजली. काकूंनी आधीच तीन कप मांडले होते. सायकल कुंपणाला टेकल्याचा आवाज आला, पिशवी खसखसली, पण हाक येईना. बुधा बिलाकडे बघत असावा. जुनी हाक त्याच्या जिभेवर बसलेली, नवी अजून बसायची होती.

मग त्याने छाती भरून घेतली.

"आनंदी विश्राम राऊत, घरपट्टीऽऽ!"

रहाट कुरकुरला. समुद्राने श्वास धरला. मागच्या आळ्यात कुणीतरी कंबर सरळ केली.

"आलो रे, आलो," काकू म्हणाल्या, आणि पैशांची पुडी घेऊन फाटकाकडे निघाल्या.