सावित्रीबाईंचा बॅकअप

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी संगणक वर्ग निघाला आणि शिकवायला सेक्रेटरी नरहरीराव उभे राहिले. सरकारी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. सोपा शब्द वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

"कर्सर म्हणजे पटलावरील स्थाननिदर्शक चिन्ह. लिहून घ्या."

आम्ही अकरा म्हाताऱ्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं. संगणक एकच, सोसायटीच्या ऑफिसातला. माउसला हात लावायचा तर रजिस्टरमध्ये सही करायची. पासवर्ड मात्र नोटीसबोर्डावर लावला होता, वर लाल शाईत 'गोपनीय' लिहून आणि खाली सोसायटीचा शिक्का मारून.

या सगळ्या व्याख्यांचा ते एक कोश लिहीत होते. मी एकदा प्रत मागितली, तर म्हणाले, "छापून झाल्याशिवाय कोणालाही नाही, लतिकाताई. लोक ढापतात." स्थाननिदर्शक चिन्ह कोण ढापणार होतं देव जाणे. मी चिडले आणि पुन्हा मागितली नाही.

माझ्या शेजारी सावित्रीबाई बसायच्या. त्यांचं माहेर वसईकडचं, केळीच्या वाडीतलं. आत्याने शिकवलेली हळदीची गाणी त्या एका बोटाने टाइप करत होत्या. आत्या गेल्यावर ती गाणी दुसऱ्या कोणाला येत नव्हती आणि सावित्रीबाईंनाही हल्ली मधल्याच ओळी आठवेनाशा झाल्या होत्या. रविवारी नातीची, कृतिकाची हळद होती. तीन महिन्यांत बेचाळीस गाणी उतरली. त्यातली निम्मी आता त्यांनाही तोंडपाठ म्हणता आली नसती.

"बॅकअप म्हणजे मूळ विदेची पर्यायी प्रतिकृती," नरहरीरावांनी एके दिवशी सांगितलं.

सावित्रीबाई माझ्या कानाशी लागल्या. "म्हणजे विरजण गं. वाडीत आम्ही वाटीभर दही शेजारणीला द्यायचोच. आपलं बिघडलं की तिच्याकडून आणायचं."

ई-मेलचा धडा झाल्यापासून त्या रोज वर्गातून उठताना गाण्यांची फाइल आम्हा दहाजणांना पाठवायच्या. नरहरीरावांनी स्वतःचं नाव काढायला लावलं होतं. त्यांच्याकडे काही यायचं तर ते कागदावर आणि सहीनिशी यावं लागे. मी तरी कुठली शहाणी, मी एकदाही ती फाइल उघडली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी, शनिवारी वर्ग बघायला पाहुणे येणार होते. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या फाइली जाऊन नुसता निळा रंग उरला होता.

"दर्शनी भाग स्वच्छ केला," नरहरीराव म्हणाले. "सगळा पसारा काढला. कायमचं काढायचं का, असं संगणकाने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा होय म्हटलं."

सावित्रीबाई खाली बसल्या. "माझी गाणी?"

"वहिनी, पाहुणे येतायत. गाण्यांचं नंतर बघू."

त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ते रजिस्टर घालावंसं मला वाटलं. सावित्रीबाई मात्र माझ्याकडे वळल्या. "लतिका, तुझा फोन काढ."

फोनमध्ये त्यांच्या एकोणसाठ मेल होत्या, एकही न उघडलेली. मला लाज वाटली. शेवटची उघडली आणि आत बेचाळीसच्या बेचाळीस गाणी होती. सावित्रीबाईंनी तिथेच पहिलं गाणं म्हणायला घेतलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे नुकसान काहीच नाही," नरहरीराव हात झटकत म्हणाले आणि पाहुण्यांना दाखवायला कोश उघडू लागले. फाइलला समर्पक नाव द्यावं, हा त्यांचा तिसरा धडा. पण कोशाच्या नावावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं, म्हणून तो वर्षभर 'नवीन दस्तऐवज ७' म्हणून पडून होता. पसारा काढताना तोही गेला होता.

त्यांनी तीनदा शोधलं. मग खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणाले, "वहिनी, माझं पण असेल का हो कोणाकडे?"

सावित्रीबाईंनी गाणं थांबवलं.

"तुम्ही कोणाला दिलं होतंत का, नरहरीभाऊ?"